वेल्लोरच्या डॉक्टर आयडा स्कडर

गावातील एखादा दुखणाईत इस्पितळातून बरा होऊन घरी आला, म्हणजे सर्व लोक डॉक्टरांचे गुण गातात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या उशाशी जिने रात्री जागून काढल्या ती परिचारिका, ज्याने औषध मापून तयार केले तो कंपाउंडर, ज्याने रक्त तपासले तो तपासनीस, जिने खोली व भांडी स्वच्छ राखली ती बाई, यांची आठवण क्वचितच कोणास होते. वस्तुतः यांपैकी एकाचा जरी हात चुकला तरी मोठ्या डॉक्टरांचे ज्ञान फुकट जाते. चिठ्ठीवर औषध बरोबर लिहिले पण ते चुकीचे मापले गेले, अथवा मध्यरात्री दुखणाइताची नाडी बिघडल्याचे परिचारिकेच्या ध्यानात आले पण डॉक्टरांस उठविण्याचे धैर्य तिला झाले नाही, तर त्याचे फळ बिचाऱ्या दुखणाइतास भोगावे लागते. यास्तव हे सर्व सेवक पुढे जर एकत्र काम करणार, तर त्यांनी शिकत असतानाही एकमेकांच्या सहवासात शिकावे, ही गोष्ट आता जगातील जाणते लोक मान्य करू लागले आहेत. इ. स. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या आरोग्यव्यवसायांच्या विद्यार्थ्यांस एकत्र शिक्षण द्यावे, असा विचार सर्व राष्ट्रांपुढे मांडला. परंतु त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी दक्षिण हिंदुस्थानातील एका लहानशा शहरात एका बाईने हे काम गरजेपोटी आरंभिले होते. त्या बाईंचे चरित्र आज वाचकांस थोडक्यात सादर करीत आहोत.

आयडा स्कडर यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी मद्रास इलाख्यात राणीपेट या गावी झाला. त्यांचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे १८१९ साली अमेरिकेहून निघून प्रथम सिलोनात व पुढे मद्रासेस आलेले वैद्यकीय मिशनरी होते. वडीलही डॉक्टर, आणि त्यांचेही नाव जॉन. घराण्यातील अनेकांनी याच देशात आयुष्य घालविले होते. १८७६ पासून १८७८ पर्यंत जो घोर दुष्काळ पडला, व ज्याने आपल्याकडे सोलापूर, नगर वगैरे जिल्ह्यांतही हाहाकार उडविला, तो आयडाने बालवयात डोळ्यांनी पाहिला. मिशनच्या आवारात उपाशी मुलांच्या रांगा बसत आणि ही लहान मुलगी आपल्या हातांनी त्यांस भाकरीचे तुकडे भरवी. पुढे तिचे शिक्षण अमेरिकेत नॉर्थफील्ड येथील शाळेत झाले. त्या मोकळ्या, सुखी देशात राहिल्यावर पुन्हा हिंदुस्थानात येऊन दुष्काळ, उन्हाळा व रोगराई यांत जन्म काढावा, असे तिला मुळीच वाटेना. घराण्यातील इतरांनी जे केले ते आपण करणार नाही, असा तिचा निश्चय होता.

१८९० साली आई आजारी असल्याचे वर्तमान आले, म्हणून ती तिंडिवनम येथे आईवडिलांजवळ आली. थोडे दिवस राहून परत जावे, इतकाच तिचा बेत होता. तेथे असता एके रात्री एकामागून एक तीन गृहस्थ तिच्या दाराशी आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान व एक मुदलियार जातीचा. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या आणि तिघेही तिला बोलावू लागले. आपणास यातले काही कळत नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील, असे तिने परोपरीने सांगितले. परंतु परपुरुषाने आपल्या बायकोस पाहावे हे त्यांपैकी एकालाही मान्य नव्हते. तिघेही निराश होऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी तिघीही बाया मरण पावल्याचे तिला कळले. त्या रात्री तिला झोप आली नाही आणि सकाळी तिचा निश्चय पालटला होता. आपण डॉक्टर होऊन याच लोकांत परत येणार, असे तिने आईवडिलांस सांगितले.

तेव्हा मुलीने डॉक्टर होणे अमेरिकेतही सोपे नव्हते. आयडाबाईंनी १८९५ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. पुढे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यालयाने स्त्रियांस प्रवेश देण्याचे ठरविताच त्या तेथे गेल्या आणि १८९९ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या. वेल्लोर येथे स्त्रियांसाठी इस्पितळ बांधावयाचे म्हणून त्या पैसे जमवू लागल्या. शेल नावाच्या एका वृद्ध सावकाराने आपल्या परलोकवासी पत्नीच्या स्मरणार्थ एकट्याने दहा हजार डॉलर दिले. त्या देणगीनिशी आयडाबाई १९०० सालच्या आरंभी या देशात परत आल्या.

वेल्लोर हे नाव मराठी वाचकांस अगदीच परके नाही. तेथील भक्कम भुईकोट किल्ला १६७८ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने घेतला होता. या शहराच्या आसपास शेकडो खेडी होती, आणि स्त्रियांस तपासणारी स्त्री डॉक्टर त्यांपैकी बहुतेकींनी कधी पाहिलीही नव्हती. आयडाबाईंचा मनसुबा असा होता की प्रथम काही वर्षे वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात वडील वारले आणि तरुण डॉक्टरीणबाई एकट्या पडल्या. लोक वडिलांस ओळखत होते, कन्येवर त्यांचा भरवसा नव्हता. बंगल्यातील एका लहानशा खोलीत त्यांनी दवाखाना मांडला. घरकामास असलेली सलोमी नावाची बाई त्यांची पहिली मदतनीस झाली. जखमा कशा धुवाव्या, पट्ट्या कशा उकळाव्या, औषधाची बाटली कशी ओळखावी, हे सर्व आयडाबाईंनी तिला हाताशी धरून शिकविले. त्यांच्याबरोबर आलेल्या अ‍ॅनी हॅन्कॉक या डॉक्टर नव्हत्या, सुवार्तिक होत्या. त्या शहरातील घरोघर जाऊन पडद्यातील बायकांजवळ बसत, त्यांच्याशी मैत्री करीत. ज्या घरात डॉक्टरीणबाईंस कोणी बोलावले नसते, त्या घराचे दार अ‍ॅनीबाईंच्या ओळखीने उघडे. रोगी बरा करण्याच्या कामात औषध न देणाऱ्या माणसाचाही वाटा असतो, हा पाठ आयडाबाईंस येथे पहिल्याच वर्षी मिळाला. दोन वर्षांत सुमारे पाच हजार रोग्यांवर त्यांनी उपचार केले. १९०२ साली चाळीस खाटांचे शेल इस्पितळ उभे राहिले.

इस्पितळ तर झाले, पण अडचण पुढेच होती. खाटा चाळीस आणि डॉक्टर एक. दिवसभर तपासणे, रात्री बाळंतपणे, मध्येच शस्त्रक्रिया, आणि वर औषधेही आपणच कालवावयाची, असे किती दिवस चालणार? बाहेरून माणसे आणावी तर मिळत नव्हती. मिळाली तरी त्यांस तमिळ भाषा येत नसे आणि लोकांच्या चालीरीती ठाऊक नसत. तेव्हा आयडाबाईंनी ठरविले की या मातीतील मुलींनाच शिकवावयाचे. १९०३ साली त्यांनी कंपाउंडरचे काम शिकविणे सुरू केले. १९०९ साली डेलिया हॉटन या परिचारिका अमेरिकेहून आल्यावर परिचारिकांची शाळा निघाली.

ही शाळा काढणे म्हणजे समाजातील एका मोठ्या समजुतीशी सामना करणे होते. दुखणाइताची घाण काढणे, पू व रक्त धुणे, परजातीच्या बाईस हात लावून स्नान घालणे, ही कामे विटाळाची मानली जात. बरे घर आपली मुलगी अशा कामास पाठविण्यास धजत नसे. ख्रिस्ती मंडळींतील आईबापही, डॉक्टरीण होत असेल तर होऊ दे, पण दाई-नोकरणीचे काम नको, असे म्हणणारे पुष्कळ होते. यावर आयडाबाईंनी व्याख्याने देण्यापेक्षा एक साधा उपाय केला. ज्या कामास कोणी हलके म्हणे, ते त्या स्वतः सर्वांदेखत करीत. डॉक्टरीणबाई स्वतःच्या हातांनी रोग्यास स्वच्छ करताना दिसल्यावर विद्यार्थिनीस ते काम कमीपणाचे वाटणे कठीण होते.

या सर्व शिक्षणाची खरी शाळा मात्र इस्पितळाच्या भिंतींबाहेर, रस्त्यावर भरे. वेल्लोरपासून वीस-पंचवीस मैलांवर गुडियात्तम नावाचे गाव आहे. तेथे आठवड्यातून एकदा दवाखाना चालविण्यास आयडाबाई जात. १९०९ साली त्यांस प्यूजो बनावटीची एक लहान मोटार मिळाली. मोटार त्या भागात नवी, ती पाहून प्रथम खेड्यांतील माणसे भिऊन पळाली. पण पुढे तीच माणसे वाटेत झाडाखाली रोगी घेऊन बसू लागली. जेथे माणसे बसलेली दिसत तेथे मोटार थांबे. अशा रीतीने रस्त्याच्या कडेचे दवाखाने सुरू झाले, आणि हळूहळू त्यांच्या जागा व वार ठरून गेले.

त्या झाडाखाली काम कसे चाले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. डॉक्टरीणबाई रोग्यास तपासून चिठ्ठी देत. शेजारीच कंपाउंडर औषधांची पेटी उघडून औषध तयार करी. परिचारिका गळवे धुऊन पट्ट्या बांधी आणि डोळ्यांत औषध घाली. सुवार्तिक बाई थांबलेल्या लोकांजवळ बसून त्यांची विचारपूस करी. पुढे वैद्यकीय शाळा निघाल्यावर विद्यार्थिनीही या फेरीत जाऊ लागल्या. इस्पितळात प्रत्येकाची खोली वेगळी असते, म्हणून एकाचे काम दुसऱ्यास दिसत नाही. झाडाखाली भिंती नव्हत्या. डॉक्टरीण काय विचारते ते परिचारिकेच्या कानी पडे, आणि परिचारिकेला रोग्याची बायको काय सांगते ते डॉक्टरिणीला ऐकू येई. दिवसातून तीन वेळा घ्या म्हणून दिलेले औषध, ज्या घरी घड्याळ नाही व ज्या बाईस अक्षरओळख नाही, तिने कसे घ्यावे, हा प्रश्न पुस्तकात सुटत नाही. तो कंपाउंडर, परिचारिका व त्या गावची माहीतगार बाई मिळून सोडवितात. खरूज मलमाने जाते हे डॉक्टरिणीस ठाऊक असते. पण घरातील एकुलत्या एका वस्त्रामुळे आणि पाण्याच्या टंचाईमुळे ती परत येते, हे गावात गेल्यावाचून कळत नाही. येणेप्रमाणे प्रत्येक जण दुसऱ्याचे काम जाणू लागला, आणि जाणल्यामुळे त्याचा मान राखू लागला. एकत्र शिक्षणाचे सर्व मर्म यातच आहे.

एवढ्याने आयडाबाईंचे समाधान झाले नाही. परिचारिका व कंपाउंडर तयार होत होत्या, पण त्या तीन गृहस्थांसारखे लोक अजून खेडोपाडी दारोदार हिंडत होते. त्यांस स्त्री डॉक्टर पाहिजे होत्या, आणि त्या याच देशाच्या लेकी असावयास पाहिजे होत्या. निरनिराळ्या मिशनांनी वेगवेगळे प्रयत्न न करता एकत्र येऊन एक वैद्यकीय शाळा काढावी, असा त्यांनी आग्रह धरला. सरकारी वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांस मुलींच्या बुद्धीविषयी मोठीच शंका होती. तथापि परवानगी मिळाली आणि १२ ऑगस्ट १९१८ रोजी वेल्लोर येथे मुलींची वैद्यकीय शाळा उघडली. साधने म्हणावी तर थोडी पुस्तके, एक सूक्ष्मदर्शक यंत्र व एक हाडांचा सांगाडा. आयडाबाई पहाटे उठून पाठ तयार करीत, दिवसा इस्पितळ पाहत आणि मधल्या वेळात शिकवीत. पहिल्या सरकारी परीक्षेत मुलांपैकी पुष्कळ नापास झाले, पण वेल्लोरच्या चौदाही मुली उत्तीर्ण झाल्या. १९२२ साली या पहिल्या तुकडीचे शिक्षण पुरे झाले.

या मुली ज्या इस्पितळात शिकल्या, त्याच इस्पितळात परिचारिका व कंपाउंडर यांचेही शिक्षण चालू होते. एकाच खाटेभोवती तिघींचे शिक्षण होई. रुग्ण वाढले तसे शेल इस्पितळ अपुरे पडू लागले, म्हणून आयडाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या मदतीने पौर्वात्य देशांतील ख्रिस्ती स्त्रीविद्यालयांसाठी मोठा निधी उभा राहिला. वेल्लोरच्या वाट्यास आलेल्या रकमेतून शहरात नवे मोठे इस्पितळ व शहराबाहेर विद्यालयाच्या इमारती झाल्या.

परंतु सर्वांत मोठी परीक्षा आयडाबाईंच्या म्हातारपणी आली. १९३८ साली मद्रास सरकारने ठरविले की वैद्यकीय शाळांतील चार वर्षांचा जुना अभ्यासक्रम बंद करून यापुढे विश्वविद्यालयाची एम. बी. बी. एस. पदवीच द्यावी. शिक्षण उंचावे हा हेतू उत्तमच होता. पण वेल्लोरला पुरेशा खाटा, उच्च पदवीचे अध्यापक व प्रयोगशाळा यांची उणीव होती. नव्या अटी पुऱ्या केल्या नाहीत तर वीस वर्षांची संस्था बंद पडणार होती. दुसरे महायुद्ध चालू असता, वयाची सत्तरी उलटलेल्या आयडाबाई १९४१ साली पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि गावोगाव फिरून मदत मागू लागल्या.

तेथे त्यांजपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. अनेक मिशनांचे म्हणणे असे पडले की पुरुष विद्यार्थ्यांसही प्रवेश द्याल तर आम्ही सर्व मिळून भार उचलू. उलट ज्या जुन्या मैत्रिणींनी वीस-वीस वर्षे पैसा व कष्ट दिले होते, त्यांस हे मुळीच मान्य नव्हते. स्त्रियांसाठी दिलेला पैसा स्त्रियांसाठीच राहावा, असा त्यांचा ठाम आग्रह होता, आणि त्यात न्यायही होता. आयडाबाईंनी स्वतःचे सारे आयुष्य स्त्रियांच्या शाळेसाठी वेचले होते, म्हणून हा निर्णय करताना त्यांस अत्यंत क्लेश झाले. शेवटी त्यांनी एकत्र शिक्षणाच्या बाजूने कौल दिला. काही जिवलग मैत्रिणी त्यामुळे कायमच्या दुरावल्या. पण संस्था जगली. १९४२ साली पदवीच्या अभ्यासक्रमास तात्पुरती मान्यता मिळाली आणि १९४७ साली पुरुष विद्यार्थ्यांस प्रवेश मिळू लागला. पुढे डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय बाई संस्थेच्या मुख्य झाल्या.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, ती कमी महत्त्वाची नाही. १९४६ साली वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. या देशात अशी पदवी देणारे हे अगदी आरंभीचे विद्यालय होय. डॉक्टर पदवीधर आणि परिचारिका केवळ हुकूम ऐकणारी, अशी स्थिती असेल तर दोघींस एका वर्गात बसवूनही काही लाभ नाही, कारण एक बोलेल व दुसरी मान हलवील. परिचारिकेस तिच्या विद्येची पदवी मिळाली, तेव्हाच तिच्या शब्दास वजन आले.

याचे फळ कुष्ठरोग्यांच्या सेवेत स्पष्ट दिसले. १९४६ साली वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड हे कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती सरळ करू लागले. परंतु शस्त्रक्रियेने बोट सरळ झाले तरी ते चालविण्यास व्यायाम शिकविणारा पाहिजे, बधिर पायाला जखम होऊ नये म्हणून नीट बसणारे पायताण बेतणारा चांभार पाहिजे, आणि बरा झालेला माणूस पुन्हा भीक मागू नये म्हणून धंदा शिकविणारा सुतारही पाहिजे. यांपैकी एक जरी नसला तरी रोगी पुन्हा होता तेथेच येतो. जे सत्य आयडाबाईंनी झाडाखाली शिकविले, तेच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले.

१९४६ साली आयडाबाईंनी कामाचा भार खाली ठेवला. उतारवयातील त्यांचा बराच काळ कोडाईकॅनाल येथील टेकडीवरील घरात गेला. नुसते डॉक्टर आयडा, हिंदुस्थान, एवढाच पत्ता लिहिलेले पत्रही त्यांस बिनचूक पोहोचले, असे सांगतात. २४ मे १९६० रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. अंत्यविधी वेल्लोरला झाला, तेव्हा सर्व धर्मांचे व सर्व जातींचे असंख्य लोक रस्त्यांच्या दुतर्फा उभे होते.

त्यांचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही, आणि त्याची एक शाखा थेट आपल्या महाराष्ट्रात येऊन पोहोचली. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी वेल्लोर येथेच शिकलेले. १९७० साली त्यांनी नगर जिल्ह्यात जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. त्यांनी गावोगावच्या साध्या, बहुधा निरक्षर बायांस निवडून आरोग्याचे ज्ञान दिले. निरनिराळ्या जातींच्या या बाया जामखेडास एकत्र राहत, एकत्र जेवत व एकत्र शिकत. डॉक्टर, परिचारिका व या ग्रामसेविका एकाच सतरंजीवर बसून गावातील रोगांचा विचार करीत. गावात कोणत्या घरी गरोदर बाई आहे व कोणत्या घरी मूल खंगत आहे, हे डॉक्टरांपेक्षा त्या बाईस अधिक ठाऊक असे, आणि डॉक्टर ते तिच्यापासून शिकत. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आज रजनीकांत व मेबल दोघेही हयात नाहीत, पण त्यांनी घालून दिलेला कित्ता देशोदेशीचे लोक पाहून गेले.

वाचकहो, प्रेषित पौलाने मंडळीस शरीराचा व अवयवांचा जो दृष्टांत दिला, तो आपण कितीदा तरी ऐकला आहे. इस्पितळाच्या दारातही तो तितकाच लागू पडतो. डोळ्याने हाताला नको म्हणू नये, ही गोष्ट डोळा व हात दोघेही लहान असतानाच शिकली पाहिजे. मोठे झाल्यावर ती शिकणे फार जड जाते. आपल्या मंडळीतील एखादी मुलगी परिचारिका होऊ म्हणाली, किंवा एखादा मुलगा औषधे तयार करण्याचे अथवा रक्त तपासण्याचे शिक्षण घेऊ म्हणाला, तर डॉक्टर होता आले नाही म्हणून हे, असे कोणी म्हणू नये. आणि ज्या घरचा मुलगा डॉक्टर होत असेल, त्या आईबापांनी त्यास सुटीत घरी आल्यावर एवढेच विचारावे की, तुझ्या इस्पितळातील परिचारिकेपासून तू या वर्षी काय शिकलास? त्याला उत्तर देता आले, तर त्याचे शिक्षण योग्य मार्गाने चालले आहे असे समजावे.